‘मोनो’: एकट्याचा ‘एक’ कसा झाला

‘घरात एक माणूस आहे’ आणि ‘घरात माणूस एकटा आहे’ ही दोन वाक्यं मराठी कानाला कधीच सारखी वाटणार नाहीत. पहिल्यात मोजणी आहे, दुसऱ्यात बाकीचे नसणं आहे. ग्रीकांकडेही याला दोन वेगळे शब्द होते. मोजायचा एक म्हणजे ‘हेइस’, नपुंसकलिंगात ‘हेन’. एकटा, एकमेव, फक्त तेवढाच म्हणजे ‘मोनोस’. यातल्या ‘हेइस’चं नातं संस्कृतातल्या ‘सम’शी आणि ‘सकृत्’शी, म्हणजे ‘एकदा’शी लागतं. इंग्रजीने उपसर्ग म्हणून उचलला तो मात्र दुसरा, मोनोस. शाळेत ‘मोनो म्हणजे एक’ असं पाठ करून घेतात आणि मोनोरेलपुरतं ते चालून जातं. पण या उपसर्गाचे जुने शब्द उघडून पाहिले, तर आत आकडा सापडत नाही, एकटेपण सापडतं.

सगळ्यात एकटा शब्द म्हणजे ‘मंक’. ग्रीक ‘मोनाखोस’, म्हणजे एकटा राहणारा. तो लॅटिनमध्ये ‘मोनाकुस’ झाला, जुन्या इंग्रजीत ‘मुनुक’ झाला आणि झिजत झिजत ‘मंक’ उरला. ख्रिस्ती संन्याशासाठी हा शब्द वापरलेला सगळ्यात जुना कागद इजिप्तमधल्या कारानिस गावचा आहे, इ.स. ३२४ मधला. त्यात तपश्चर्या वगैरे काही नाही, गुरांची तक्रार आहे. इसिडोरस नावाच्या शेतकऱ्याच्या पिकात शेजाऱ्यांची गाय पुन्हा पुन्हा शिरत होती. शेवटी त्याने ती धरली आणि गावाकडे हाकत निघाला, तर वाटेत गायवाल्यांनी त्यालाच सोट्याने बडवलं आणि गाय सोडवून नेली. तिथून जाणारे अँटोनिनस डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, आणि आयझॅक ‘मोनाखोस’ मदतीला आले नसते, तर आपला जीवच गेला असता, असं तो अर्जात लिहितो. आपल्याकडच्या कुठल्याही तलाठ्याच्या टेबलावर शोभेल असा हा अर्ज. आणि त्यातला ‘एकटा राहणारा’ इसम वाळवंटात बसलेला नाही. चारचौघांसारखा गावच्या रस्त्याने सोबत्याबरोबर चाललेला आहे.

त्याच सुमारास इजिप्तच्या दक्षिणेकडे पाखोमियसने संन्याशांना एकत्र आणून मठ उभारायला सुरुवात केली. शेकडो माणसं एका भिंतीआड राहू लागली, एका पंगतीला जेवू लागली, आणि नाव राहिलं ‘एकटे’च. मॉनेस्टरी हा शब्द याच मुळाचा, वेस्टमिन्स्टरमधलं मिन्स्टरही त्याचंच घासलेलं रूप. जर्मनीतलं म्युनिक शहर म्हणजे मूळ म्युन्शेन, मठवाल्यांची वस्ती; ११५८ मध्ये त्याचा पहिला उल्लेख येतो आणि शहराच्या बोधचिन्हावर आजही झगा घातलेला संन्यासी आहे. आपल्याकडे या शब्दाची ओळख बहुतेकांना ‘ओल्ड मंक’च्या बाटलीवरून होते, आणि तीही सहसा कुणी एकट्याने उघडत नाही.

मोनार्क, म्हणजे एकट्याने राज्य करणारा, हा शब्द सरळ आहे. त्यापेक्षा बाजाराकडे वळलेलं बरं, कारण मोनोची खरी गंमत तिथे आहे.

मोनोपॉली म्हणजे एकट्याने विकणं. ‘पोलेइन’ म्हणजे विकणं. ॲरिस्टॉटलने ‘राजनीती’च्या पहिल्याच भागात याचे दोन किस्से दिले आहेत. पहिला थेलिस या तत्त्ववेत्त्याचा. तत्त्वज्ञान पोटाला घालत नाही म्हणून लोक टोमणे मारतात, हे पाहून त्याने ग्रहताऱ्यांवरून ऑलिव्हचं पीक उदंड येणार असं ताडलं, आणि ऐन हिवाळ्यात मिलेटस आणि किऑस इथले सगळे तेलघाणे थोडा विसार देऊन अडकवून ठेवले. तेव्हा बोली लावायला दुसरं कुणी नव्हतं. हंगाम आला, सगळे एकदम घाण्यांच्या मागे लागले आणि थेलिसने मनाला येईल त्या दराने ते भाड्याने दिले. दुसरा किस्सा सिसिलीतला. एकाने खाणींतलं सगळं लोखंड विकत घेतलं आणि भाव फारसा न वाढवताही पन्नास टॅलंटवर (टॅलंट म्हणजे ग्रीकांचं पैसे मोजायचं मोठं माप) शंभर कमावले. सिराक्यूजचा हुकूमशहा डायोनिसियस याने त्याला पैसे नेऊ दिले, पण शहर सोडायला लावलं. साठेबाजीवरचं हे धोरण आजच्या मानाने कडकच म्हणायचं.

रोमन लोकांना हा शब्द परका वाटायचा. सम्राट टायबेरियसला एकदा सिनेटमध्ये ‘मोनोपोलियम’ म्हणायची वेळ आली, तेव्हा परभाषेतला शब्द वापरावा लागतो म्हणून त्याने आधी सभागृहाची माफी मागितली, असं सुएटोनियस हा चरित्रकार सांगतो. राजभाषेचा इतका बाणेदार सम्राट आपल्याकडच्या भाषा समित्यांना नक्की आवडला असता.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात रुळला. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती याच अर्थाची: केप ऑफ गुड होपच्या पूर्वेचा व्यापार, पंधरा वर्षं, इंग्रजांपैकी फक्त यांनीच करायचा. मुदत वाढत वाढत गेली. १८१३ मध्ये हिंदुस्थानच्या व्यापारातली ही मिरासदारी गेली, चहा आणि चीनचा व्यापार तेवढा राहिला, आणि १८३३ मध्ये तोही सुटला. तोपर्यंत व्यापारी म्हणून आलेल्या कंपनीची पेशवाई बुडवून पंधरा वर्षं झाली होती.

मराठीने या शब्दासाठी ‘मक्तेदारी’ पत्करली. मक्ता मूळचा अरबीतून आलेला, ठरावीक रकमेला इजाऱ्याने घेतलेला हक्क. त्यात ‘एक’ कुठेच नाही, तरी अर्थ नेमका पोचतो. सरकारी मराठीला मात्र एकाचा उल्लेख हवा होता, म्हणून ‘एकाधिकार’ आला, आणि तो कापसाला चिकटला. १९७१ च्या कायद्यानंतर १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. राज्यातल्या शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही. विदर्भ-मराठवाड्यात जवळपास तीन दशकं हा शब्द घरोघरी होता. केंद्रावर बैलगाड्यांची रांग, प्रतवारीवरून हुज्जत, चुकाऱ्याची वाट, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की रातोरात सीमा ओलांडणारा कापूस.

पण व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलली तर ही योजना मोनोपॉली नव्हतीच. इथे एकटा विकणारा नव्हता, एकटा घेणारा होता. त्याला वेगळा शब्द आहे: मोनॉप्सनी. हा अगदी अलीकडचा शब्द. केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांना १९३३ च्या आपल्या पुस्तकासाठी एकमेव खरेदीदाराला नाव हवं होतं, ते तिथल्याच ग्रीकचे अभ्यासक बी. एल. हॉलवर्ड यांनी सुचवलं. त्यातलं ‘ऑप्सोनेइन’ म्हणजे बाजारातून ‘ऑप्सॉन’ आणणं. ऑप्सॉन म्हणजे भाकरीबरोबर जे काही लावून खायचं ते, आणि अथेन्समध्ये मुख्यतः मासळी. आपलं कालवण किंवा कोरड्यास म्हणा ना. म्हणजे शब्दशः पाहिलं, तर मोनॉप्सनी म्हणजे बाजारात कालवणाचं सामान घेणारं एकटंच गिऱ्हाईक. अशा गिऱ्हाइकापुढे मासळीवालीचं जे होईल, तेच कापूसवाल्याचं झालं.

इथवर सगळीकडे मोनोस म्हणजे ‘फक्त तोच, दुसरा नाही’. देवांच्या बाबतीत तर हा फरक फार महत्त्वाचा ठरला. मोनोथीइझम हा शब्द १६६० मध्ये हेन्री मोर या केंब्रिजच्याच तत्त्वज्ञाने वापरला. देव एकमेव, बाकीचे नाहीतच. पुढे ऋग्वेद छापून काढणाऱ्या माक्स म्युलरला ही चौकट वेदांना बसेना. एका सूक्तात इंद्र सर्वश्रेष्ठ, दुसऱ्यात वरुण, तिसऱ्यात अग्नी, आणि कुणीच कुणाला खोटं ठरवत नाही. त्यासाठी त्याने शेलिंग या जर्मन तत्त्वज्ञाचा ‘हेनोथीइझम’ हा शब्द पुढे आणला. यातला ‘हेन’ म्हणजे मोजायचा एक: एका वेळी एक. आपण पहिल्याला एकेश्वरवाद म्हणतो, पण ‘एक’ आणि ‘एकमेव’ यांतली ही फट त्या शब्दात बुजून जाते.

अशीच एक फट संगीतात आहे. मोनोटोनस म्हणजे मूळ ग्रीकात एका ताणाचा, एका स्वराचा. ‘टोनोस’ आणि संस्कृतातली ‘तान’ ही सख्खी भावंडं, दोघांचं मूळ ताणण्याच्या क्रियेत. म्हणजे मोनोटोनसचा जोड शोधायचा तर ‘एकतान’पाशीच थांबावं लागतं. पण अर्थ बघा. कीर्तनात श्रोते एकतान झाले ही दाद. भाषण मोनोटोनस झालं ही तक्रार. तक्रारीसाठी मराठीने ‘एकसुरी’ वेगळा काढून ठेवला. ग्रीकांचं मोनोकॉर्ड हेही एका तारेचं वाद्य, पायथागोरसच्या परंपरेत तारेची लांबी आणि स्वर यांचं गणित शिकवायला वापरलेलं. आपल्या एकतारीवर कुणी अपूर्णांक शिकवले नाहीत, अभंग म्हटले.

मोनोलिथची गोष्टही सांगण्यासारखी. हेरोडोटसने इजिप्तमधल्या साइस इथे एका अखंड दगडातली खोली पाहिली आणि तिला हेच विशेषण लावलं. ती एलेफंटाइनहून आणायला दोन हजार नावाडी तीन वर्षं खपत होते, असं तो लिहितो. वेरूळच्या कैलास लेण्याला हाच शब्द लागतो, फक्त तिथे दगड हलवला नाही. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, डोंगरच माथ्याकडून खाली कोरत नेला. आज वर्तमानपत्रात एखाद्या पक्षाला किंवा समाजाला ‘मोनोलिथ’ म्हणतात तेव्हा त्यात छिन्नीचा आवाज राहिलेला नसतो.

एकट्याचा एक झाला तो विज्ञानात. जॉन रे या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने सतराव्या शतकात बियांच्या दलांवरून वनस्पतींची विभागणी केली आणि ज्वारी, गहू, नारळ हे मोनोकॉटिलिडन ठरले, म्हणजे एकदल. पुढे रसायनशास्त्राने तर मोनो, डाय, ट्राय असा पाढाच लावला. गॅस गीझर लावलेल्या कोंदट न्हाणीघरात जीव घेणारा तो कार्बन मोनॉक्साइड, आणि सोड्याच्या बाटलीतला डायऑक्साइड. फरक एका ऑक्सिजन अणूचा. पाढ्यात खरं तर ‘हेन’ यायला हवा होता, कारण बाकी सगळे मोजायचेच आकडे आहेत. तो अगदीच हरवला नाही म्हणा. एकवीस कार्बनच्या साखळीला हेनायकोसेन म्हणतात, तिथे तो वीसच्या आधी अंग चोरून बसलेला सापडतो. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशावळीतून एकसारखी प्रतिपिंडं तयार केली, तीही मोनोक्लोनल. कोविडच्या काळात हा शब्द औषधाच्या दुकानापर्यंत आला.

एकदा नुसता आकडा झाल्यावर मोनोने पंक्तिप्रपंच सोडला. ग्रीक उपसर्गाला ग्रीकच शब्द हवा, लॅटिनला ‘युनि’ लावा, असा जुना सोवळा नियम. तो मोनोकलने, म्हणजे एका डोळ्याच्या चष्म्यानेच मोडला. त्यातला डोळा लॅटिन आहे. मोनोकल्चर, मोनोलिंग्वल, मोनोरेल ही सगळी अशीच मिश्र लग्नं. कडेलोट केला तो १९६४ च्या मोनोकिनीने. बिकिनी हे नाव प्रशांत महासागरातल्या अणुचाचणीच्या बेटांवरून १९४६ मध्ये आलं, त्यात ‘बाय’ म्हणजे दोन हा हिशेब कुणाच्या डोक्यातही नव्हता. पण कापडाचे तुकडे दोन होते, म्हणून ‘बि’ काढून ‘मोनो’ बसवला.

मराठीत तर मोनो आता स्वतःच्या पायावर उभा आहे. गॅदरिंगमध्ये मुलं ‘मोनोॲक्टिंग’ करतात, एकपात्री अभिनय म्हणायच्या फंदात कुणी पडत नाही. जुन्या तबकड्या जमवणारे ‘मोनो आहे की स्टिरिओ’ विचारतात. मुंबईत फेब्रुवारी २०१४ मध्ये वडाळा ते चेंबूर मोनो सुरू झाली आणि मार्च २०१९ मध्ये सातरस्त्यापर्यंत गेली. लोकांनी पहिल्या दिवसापासून पुढचं ‘रेल’ गाळून टाकलं. ते एका अर्थी बरोबरच होतं. ती काँक्रीटच्या तुळईवर रबरी चाकांनी धावणारी गाडी, रूळ तिच्या नशिबी नव्हताच.

हा उपसर्ग एकदा डोळ्यांत बसला की नको तिथेही दिसायला लागतो. मॉन्युमेंट आणि मॉनिटर लॅटिनमधल्या आठवण देण्याच्या, सावध करण्याच्या क्रियापदातून आले, मनी हा रोममधल्या जूनो मोनेटाच्या देवळाजवळच्या टाकसाळीतून आला, मंडे चंद्राचा. मान्सून अरबी ‘मौसिम’चा, पोर्तुगीज ‘मोन्साँव’च्या होडीत बसून इंग्रजीत उतरलेला, आपला मोसम त्याच घरचा. आणि मंगूस? इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवात मोनोसारखी, शेवट हंसासारखा, पण दोन्हींशी काडीचा संबंध नाही. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये मुंबई-सुरतेकडे आला होता. त्याच्या १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात हा प्राणी येतो, आणि इंग्रजी कोशकार शब्दाचं मूळ सांगताना मराठी ‘मुंगूस’कडे बोट दाखवतात. कानडीत तो मुंगिसी आहे, म्हणजे मूळ आणखी दक्षिणेलाही असू शकेल. इंग्रज मुलं अजूनही त्याचं अनेकवचन ‘मंगीस’ करून मास्तरांची बोलणी खातात. मराठीत तो प्रश्नच येत नाही: एक मुंगूस, चार मुंगसं.