गॅसचं टेंडर हरलं की कोर्ट ते फिरवून देतं?

"सर्वांत कमी दर आमचा होता, शहर गॅसचा परवाना कोर्ट मिळवून देईल," हा समज जुनाच, आणि दोन्हीकडून चुकीचा. शहर गॅस म्हणजे घरोघरी पाइपनं गॅस आणि वाहनांसाठी सीएनजी पुरवण्याचा परवाना; त्याच्या बोलीच्या 2018च्या नवव्या फेरीत 50 टक्के गुण घरगुती जोडण्यांच्या आश्वासनाला होते. पाइपगॅस आणि सीएनजी, दोन्हींच्या वाहतूक दरांना मिळून जेमतेम 20. आधीच्या फेऱ्यांत दरावर मोठी मदार, म्हणून नाममात्र आकडे भरले जायचे!

कोर्टही गुण पुन्हा मोजत बसत नाही. सरकारी टेंडरांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या टाटा सेल्युलर निकालापासून (1994) ते पाहतं निर्णयाची प्रक्रिया: मनमानी, पक्षपात, दुष्ट हेतू, जाहीर अटी डावलणं. शिवाय हे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या आदेशावरचं अपील, नवल वाटेल, पण वीजविषयक अपिलीय न्यायाधिकरणाकडे जातं.