झाडाच्या बुंध्यातून आलेला तुरुंग

तुरुंग ही जमिनीखालची अंधारी जागा, सुरुंग ही जमिनीखालची वाट, म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरातले, अशी व्युत्पत्ती कोणी ना कोणी ठामपणे ऐकवतं. यमक जुळतं, अर्थही जुळल्यासारखा वाटतो, आणि ऐकणाऱ्याला ते पटतं. पण सुरुंगाचं मूळ संस्कृत 'सुरुङ्गा' आहे, आणि तोही ग्रीक 'सिरिंक्स'वरून आला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा 'त' होण्याची रीत मराठीत नाही. एकाच शब्दापुरता सोयीचा नियम करायचा म्हटलं, तर कोणताही शब्द कशातूनही काढून दाखवता येईल. 'जगातले सगळे शब्द अमुक एका भाषेतून निघाले' असे दावे याच सवलतीवर जगतात.

तुरुंग आला तो पोर्तुगीज 'त्रोंको'वरून. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यांच्या कारभाराबरोबर त्यांचे शब्दही कोकण किनाऱ्यावर उतरले. मूळ लॅटिन 'त्रुंकुस', अर्थ झाडाचा बुंधा. पोर्तुगीजमध्ये तोच अर्थ राहिला, पण त्याच्या जोडीला दुसरा अर्थ आला: गुन्हेगाराचे पाय किंवा मान अडकवायचा भोकं पाडलेला ओंडका. पुढे हा ओंडका जिथे ठेवलेला असे, त्या जागेलाही तेच नाव पडलं. लिस्बन शहराच्या तुरुंगाचं नावच त्रोंको होतं. पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोईंश १५५२ मध्ये मारामारीच्या प्रकरणात तिथेच कैद झाला. माफी मिळाल्यावर १५५३ मध्ये तो जहाजात बसला आणि थेट गोव्याला आला.

मराठीत याला एक सुंदर जोड आहे. आपल्याकडेही अपराध्याचे पाय लाकडात अडकवत, आणि त्या लाकडाला म्हणत 'खोडा'. म्हणजे पुन्हा झाडाचं खोडच! पोर्तुगीज इथे येण्याआधी या दोन भाषांची कधी गाठ पडली नव्हती. तरी दोघी बुंध्यापासून शिक्षेपर्यंत एकाच वाटेने गेल्या. कारण वस्तू तीच होती. भक्कम भिंतींची इमारत बांधण्यापेक्षा एक ओंडका कोरणं कितीतरी सोपं. जुने शब्द पाहिले तर बंदिवासाची कल्पना मुळात जागेपेक्षा बांधण्याशी जास्त जोडलेली दिसते. अरबी 'कैद' म्हणजे आधी पायातली बेडी. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाने चौथ्या स्तंभलेखात देहान्ताची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची सवलत दिली. तिथे कैद्यांसाठी शब्द आहे 'बंधनबद्ध'. कौटिल्याचं कारागृहही 'बंधनागार'च आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. त्रोंकोचा तुरुंग झाला कसा?

शब्दाच्या आरंभी 'त्र', 'प्र', 'क्र' अशी जोडाक्षरं आली की बोलीभाषा ती फोडतात आणि मध्ये एक स्वर घालतात. आणखी दोन शब्द शेजारी ठेवू. पोर्तुगीज 'प्रातो', म्हणजे ताटली, याची मराठीत परात झाली. 'क्रिश्तांव', म्हणजे ख्रिश्चन, याचा किरिस्ताव झाला. 'प्रा'चं 'परा', 'क्रि'चं 'किरि', 'त्रों'चं 'तुरुं'. मध्ये घुसलेला स्वर दर वेळी वेगळा आहे, आणि दर वेळी तो पुढच्या स्वराच्या रंगाचा आहे. आ-कारापुढे अ, इ-कारापुढे इ, उ-कारापुढे उ. हे योगायोगाने होत नाही, याचं कारण तोंडाच्या हालचालीत आहे.

'त्' म्हणताना जिभेचं टोक दातांना चिकटतं आणि हवा अडते. मग जीभ सुटते आणि 'र्'साठी पुन्हा वर जाते. या दोन स्पर्शांच्या मध्ये तोंड क्षणाच्या अगदी बारीक अंशापुरतं उघडं असतं. तेवढ्यात स्वरतंतू कंप पावू लागले, तर जो आवाज निघतो तो स्वरच! स्पॅनिश, पोर्तुगीज बोलणाऱ्यांच्या आवाजाचा आलेख काढला तर हा चिमुकला स्वर त्यात दिसतो. बोलणाऱ्याला मात्र त्याची जाणीव नसते. तो पुढच्या स्वराचा रंग घेतो, कारण ओठ आणि जिभेचा मागचा भाग पुढच्या स्वरासाठी आधीच तयार झालेले असतात. 'त्रों' म्हणताना 'त'पाशीच आपले ओठ गोल होऊ लागतात, आरशात पाहा. बोलणाऱ्याच्या तोंडातला हा अर्धामुर्धा स्वर ऐकणाऱ्याने पूर्ण स्वर मानला, की शब्दाला नवं अक्षर मिळतं. वेदांच्या उच्चारांचे नियम लिहिणाऱ्या आपल्या प्रातिशाख्यकारांनी रेफ, म्हणजे 'र्', आणि पुढचं व्यंजन यांच्यामध्ये ऐकू येणारा असाच स्वराचा अंश टिपला होता आणि त्याला नाव दिलं होतं स्वरभक्ती. यंत्राशिवाय, नुसत्या कानाने केलेलं हे निरीक्षण आहे, आणि मला त्याचा फार आदर वाटतो.

हा नियम पोलादी नाही. 'ग्लास'चं 'गलास'ऐवजी 'गिलास' होतं, तिथे रंग जुळत नाही. आणि किरिस्तावमधला 'स्त' फुटला नाही, कारण शब्दाच्या मध्यभागी तो दोन अक्षरांत वाटला जातो: किरिस्-ताव.

उरला 'क'चा 'ग'. त्रोंकोमधला अनुस्वार 'क'च्या आधी 'ङ्' असा नाकातून उच्चारला जातो. 'ङ्' म्हणताना स्वरतंतू कंप पावत असतात. 'क'साठी तो कंप थांबायला हवा. तो वेळेवर थांबला नाही की कानाला 'ग' ऐकू येतो. पंजाबीत 'पंच'चं 'पंज' आणि 'दंत'चं 'दंद' झालं ते याच ओढीने.

यमकापेक्षा ही पद्धत वेगळी कशी, ते पडताळून पाहता येतं. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी आजच्या मलेशियातलं मलाक्का बंदर घेतलं, आणि मलय भाषेतही हा शब्द गेला. तिथे तुरुंगाला 'तेरुंगकु' असा शब्द आहे. आरंभीचं जोडाक्षर तिथेही फुटलं, पण आत आला तो पुसट, अ-सारखा स्वर. 'क' तसाच राहिला आणि शेवटचा 'उ'ही टिकला. मराठीने तो शेवटचा स्वर टाकला, 'परात'मध्ये टाकला तसाच. प्रत्येक भाषेची चाळण वेगळी, पण आपल्या चाळणीशी ती बरीचशी इमान राखते. असे शब्द आशियाभरच्या भाषांतून गोळा करून तपासण्याचं प्रचंड काम गोव्याचे सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी केलं. ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

हाच लॅटिन 'त्रुंकुस' मराठीत आणखी एकदा आला, इंग्रजीतून: कपडे ठेवायची लोखंडी ट्रंक. इंग्रजीत बुंध्यावरूनच पेटीला हे नाव पडलं. पोर्तुगीजांचा 'त' दंत्य, म्हणून आपण 'त' ऐकला. इंग्रजांची जीभ दातांमागे हिरडीला टेकते, म्हणून आपण 'ट' ऐकला. तुरुंग आणि ट्रंक, दोन्हींच्या पहिल्या अक्षरातच कळतं की कोणता शब्द कोणाच्या जहाजातून उतरला.