थकीत अनुदान (कोकण किनारपट्टी)

शासनाने मंजूर केलेली, पण ठरल्या वेळी लाभार्थ्याच्या खात्यावर न पोहोचलेली रक्कम. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत तिची सर्वाधिक झळ पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांना आणि घरकुलाची वाट पाहणाऱ्या किंवा मुळीच निवारा नसलेल्या कुटुंबांना बसते. कोषागाराचे वर्ष मार्चअखेर संपते, कोकणातले बांधकाम जूनच्या पहिल्या सरींनी थांबते आणि महाविद्यालये त्याच सुमारास उघडतात. थकबाकीचे बरेचसे नुकसान या तीन वेळा जुळत नसल्याने होते.

उगम : अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाची) शिष्यवृत्ती १९४४ पासूनची मानली जाते. महाराष्ट्रापुरता विचार करताना शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून उभी केलेली वसतिगृहे आणि बडोदा संस्थानची विद्यार्थिवेतने यांपासून प्रारंभ धरण्याची पद्धतही आहे. मात्र ती संस्थानिकांच्या खजिन्यातून दिलेली मदत होती. केंद्र व प्रांत यांच्यातील हिश्शाचा प्रश्न तिथे नव्हता. थकबाकीच्या इतिहासासाठी १९४४ हेच वर्ष अधिक उपयोगी ठरते.

वाद खरा आहे तो थकबाकीच्या कारणाबद्दल. एका मतानुसार महाडीबीटी हे ऑनलाइन संकेतस्थळ आल्यावर, म्हणजे साधारण २०१७-१८ पासून, तांत्रिक अडचणींमुळे पैसे अडू लागले. दुसरे मत ‘बांधील दायित्वा’कडे बोट दाखवते. या पद्धतीत पंचवार्षिक योजनाकाळाच्या शेवटच्या वर्षी जेवढा खर्च झाला तेवढा पुढील काळात राज्याने स्वतः उचलायचा आणि केंद्राने फक्त त्यावरची वाढ द्यायची. विद्यार्थी वाढले की पुढच्या काळातील राज्याचा बोजा वाढे आणि केंद्राचा वाटा आकसे. २०१७-२० या काळात देशभरासाठीचा केंद्राचा वार्षिक वाटा १,१०० कोटी रुपयांच्या आसपास उतरला होता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही पद्धत मोडून ६०:४० असे प्रमाण ठरवले आणि २०२५-२६ पर्यंतच्या ५९,०४८ कोटींच्या आराखड्यात ३५,५३४ कोटी स्वतःकडे घेतले. संकेतस्थळाचा दोष दुय्यम होता, असे या आकड्यांवरून दिसते.

शिष्यवृत्ती : नव्या पद्धतीत राज्याने आपले ४० टक्के दिल्यावरच केंद्राचे ६० टक्के सुटतात. तरतूद अपुरी पडली की डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनातील पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते; जुलैत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे पहिले सत्र तोवर संपलेले असते. महाविद्यालयाचे शुल्कही त्याच्याच खात्यावर येते आणि त्यानेच ते भरायचे असते. खात्यावर काहीच जमा झाले नाही तर आधी आधार जोडणी पाहावी : रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर न जाता, आधार शेवटी ज्या बँकेत जोडले तिथे जाते. गावच्या बँकेतले जुने खाते बंद पडले असेल तर ती परतही जाते.

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीच्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्याला वर्षाला ६०,००० रुपये, तर रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये ठरले : भोजन २५,०००, निवास १२,००० व निर्वाह ६,०००. दहा महिन्यांवर वाटले तर जेवणाला महिना २,५०० आणि खोलीला १,२०० रुपये येतात. रक्कम थकली की खानावळवाला आणि घरमालक दोघांची उधारी एकदम चढते.

संशोधकांचे नुकसान वेगळे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ व वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा अनुक्रमे ३७,००० व ४२,००० रुपये केली. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) व महाज्योती (इतर मागास व भटके-विमुक्त) या राज्यसंस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना मात्र मंजूर अधिछात्रवृत्तीसाठी वारंवार आंदोलने करावी लागली. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील खरिपाचा प्रयोग किंवा रत्नागिरीतील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील नमुनेसंकलन हंगामाला बांधलेले असते. बियाणे, मजुरी वा होडीचे भाडे वेळेवर देता आले नाही तर अख्खे वर्ष हातचे जाते. मागाहून आलेली थकबाकी ते भरून देत नाही.

घरकुल : इंदिरा आवास योजना १९८५ ची, स्वतंत्र योजना १९९६ पासून, २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणने घेतली. किमान क्षेत्र २५ चौ. मी., अनुदान १,२०,००० रुपये, शिवाय शौचालयाचे १२,००० व रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०२५ मध्ये राज्याने दुसऱ्या टप्प्यातील घरांना ५०,००० रुपयांची भर घातली; त्यांतले १५,००० सौर संचासाठी आहेत.

पहिला हप्ता १५,००० रुपयांचा. त्यात चर खणून जांभ्या चिऱ्यांचे जोते जेमतेम निघते. अभियंत्याने जोत्याचे छायाचित्र स्थळनोंदीसह चढवल्यावर पुढचा हप्ता मागता येतो. २०२१ पासून प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेला राज्यात एकच खाते आहे; केंद्र एका वेळी जास्तीत जास्त २५ टक्के निधी देते आणि आधीच्या निधीपैकी ७५ टक्के खर्च झाल्याखेरीज पुढचा सोडत नाही. म्हणजे इतर जिल्ह्यांत खर्च रेंगाळला तरी गुहागरातले घर अडते. मार्चमध्ये सुटलेला निधी मे महिन्यात हाती आला तर पावसाआधी छप्पर चढत नाही. मातीत रचलेल्या चिऱ्यांचे सांधे धुऊन जातात, जोत्यातला भराव खचतो, सेंट्रिंगचे भाडे चालू राहते आणि कुटुंब झापांच्या किंवा ताडपत्रीच्या आडोशाला चार महिने काढते. घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते. खाडीची असेल तर ती गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी, नाहीतर मिठाने सळया गंजतात.

जमीन : अनुदान असूनही घर न होण्याचे मोठे कारण. रायगडातील अनेक कातकरी वाड्या खाजगी जमिनीवर आहेत. अतिअसुरक्षित आदिवासी गटांसाठीच्या नोव्हेंबर २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत घराला २,००,००० रुपये आहेत, पण पायाखालची जागा नावावर नसेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. जागा खरेदीसाठीच्या दीनदयाळ उपाध्याय योजनेची मर्यादा ५०,००० वरून १,००,००० रुपये झाली आहे. किनाऱ्यालगत त्याशिवाय सागरी नियमन क्षेत्राची परवानगी लागते, आणि सातबारा नसलेल्या कोळी कुटुंबांना जुने घर शाबित करणेही जड जाते.

शहरी निवारा : राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांच्या निवाऱ्याचा, माणशी ५० चौ. फुटांचा होता. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर ७६ हजारांच्या आसपास, चिपळूण ५५ हजारांच्या आसपास होते. लाखाच्या मापाने मोजल्यावर अशी गावे मागे पडतात. स्थानकावर व बाजारपेठेत झोपणाऱ्यांची सोय नगरपरिषदेच्या मर्जीवर राहते.