कार्थेजच्या शेतात मीठ पेरलं होतं का?

‘रोमनांनी कार्थेज जिंकलं आणि पुन्हा काही उगवू नये म्हणून तिथल्या जमिनीत मीठ पेरलं’, हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. इ.स.पू. 146 मध्ये रोमनांनी उत्तर आफ्रिकेतलं हे शहर जाळलं, पाडलं, जिवंत राहिलेल्यांना गुलाम केलं, हे सगळं खरं आहे. मीठ मात्र एकाही प्राचीन लेखकाकडे सापडत नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या अ‍ॅपियन या ग्रीक इतिहासकाराने शहराचा शेवट दिवसागणिक सांगितलाय; भाषांतर वाचून बघा, त्यातही नाही. उद्ध्वस्त शहरावर मीठ पेरल्याची गोष्ट बायबलमध्ये आहे, पण ती शखेम या दुसऱ्याच शहराची.

आता हिशेब करा. एका एकरातली वरची 30 सेंटीमीटर माती साधारण 1,500 टन भरते. तिच्यात अर्धा टक्का मीठ मिसळायचं तर एकरी 7-8 टन लागेल. एवढं करूनही हिवाळी पावसाने त्यातलं बरंचसं खाली झिरपून जाणार.

मुळात रोमला ती जमीन हवीच होती, आणि माझ्या मते हाच सगळ्यात भक्कम पुरावा. इ.स.पू. 111 चा जमीन कायदा कोरलेल्या ब्राँझच्या पत्र्याचे तुकडे आजही आहेत. आफ्रिका या रोमन प्रांतातली, म्हणजे कार्थेजच्या परिसरातली, कुठली जमीन कोणाला दिली, कुठली विकली, याचे नियम त्यात आहेत. पुढे बऱ्याच अंशी याच प्रांताच्या गव्हावर रोम शहर जेवत होतं.