ड्युकोपासून डाउनड्राफ्टपर्यंत : पेंट बूथची पार्श्वभूमी

वणी, हिंगणघाटकडच्या गॅरेजवर आजही ‘ड्युको मारून देतो’ असंच म्हणतात. डब्यात मात्र बहुतेक वेळा २के पॉलियुरेथेन, म्हणजे ऐनवेळी हार्डनर मिसळायचा दोन भागांचा रंग, असतं. ड्युको हे ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं, म्हणजे थिनर उडताच सुकणाऱ्या रंगाचं, नाव. १९२३-२४ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो आला. त्याआधी तेल-वार्निशचे थर ब्रशने चढवायचे आणि गाडी आठवडेच्या आठवडे अडकून पडायची. लॅकर इतका झटपट सुकायचा की ब्रशची दुसरी रेघ ओढेपर्यंत पहिलीची कड आवळलेली असायची. त्यामुळे रंग फवारणाऱ्या गनशिवाय इलाज नव्हता. गन तयारच होती. ओहायोतल्या टोलेडो गावचे डॉक्टर ॲलन डीव्हिलबिस यांनी १८८८ मध्ये घशात औषध फवारायचं यंत्र केलं होतं आणि त्यांचा मुलगा थॉमस याने १९०७ मध्ये ते रंगाकडे वळवलं.

नायट्रोसेल्युलोज बनतं सरकीवरच्या आखूड लवेपासून, म्हणजे कापसापासूनच, आणि ते बंदुकीच्या दारूचं भावंड आहे. भिंतीवर बसलेली त्याची कोरडी भुकटी आपोआपही पेट घेऊ शकते. म्हणून सुरुवातीच्या बूथचं, म्हणजे रंग फवारायच्या खोलीचं, काम एवढंच होतं : वाफ आणि उडालेला रंग बाहेर फेकणं. तीन भिंती, मागे पंखा. पुढे पंख्याआधी पाण्याचा पडदा आला, रंग त्यात अडकू लागला. गाडीवर धूळ बसते की नाही, ही चिंता तेव्हा दुय्यम होती, कारण लॅकरवर धूळ चिकटायला वेळच मिळत नसे. धुळीचा दाणा रंगात आलाच तर वॉटर पेपर मारून रबिंग करायचं.

आपल्याकडचे टिनाचे घरगुती बूथ अजून याच पायरीवर आहेत, आणि ‘पंखा लावला तर दाणे उलट वाढले’ या तक्रारीचं मूळ इथेच आहे. हवा नुसती ओढून घेतली की खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग दाराच्या फटीतून, पन्हाळी पत्र्याच्या सांध्यातून काळ्या मातीचा फुफाटा आत शिरतो. त्यापेक्षा पहाटे अंगण शिंपून उघड्यावर मारलेला रंग स्वच्छ निघतो. उपाय पंखा काढण्याचा नाही; हवा फिल्टरमधूनच आत येईल अशी वाट करून देण्याचा आहे. आडव्या प्रवाहाच्या बूथमध्ये वेग सेकंदाला अर्धा मीटर लागतो. खोली ४ मीटर रुंद, पावणेतीन मीटर उंच धरली तर ताशी सुमारे २०,००० घनमीटर हवा झाली. कूलरचा पंखा एवढी हवा देत नाही, आणि फिल्टर अर्धा भरला की तो जागच्या जागी फिरतो. त्याची मोटर थिनरच्या वाफेतच असते, ही त्याहून वाईट गोष्ट. मोटर बाहेर ठेवून पट्ट्याने पंखा फिरवायला हवा.

२के आला आणि गणित उलटलं. चमक आणि टिकाऊपणा मिळाला, पण रंगाचा थर बराच वेळ ओला राहतो, तेवढा वेळ धूळ खातो. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे ताज्या हवेची नळी असलेला मास्क हवा. तोंडावरचा रुमाल कुचकामी. आडव्या हवेत बॉनेटवर मारलेल्या रंगाचा धूर डिक्कीवर बसतो. म्हणून हवा छतातून खाली, जमिनीच्या जाळीतून बाहेर : डाउनड्राफ्ट. ७ बाय ४ मीटरच्या खोलीत सेकंदाला पाव मीटर वेग धरला तर ताशी सुमारे २५,००० घनमीटर. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा किंचित जास्त ठेवायची.

दाराच्या फटीशी सुताचा धागा धरून पाहा. तो हलकेच बाहेर झुकला पाहिजे. आत झुकला तर छताचा फिल्टर भरला आहे. दार फुगतंय, धुकं तरंगतंय, तर जमिनीखालची काचतंतूंची गादी रंगाने बंद झाली आहे.

पुढची पायरी उष्णतेची. फवारून झाल्यावर हवा ६० अंशांवर नेऊन, पत्रा तापल्यापासून अर्धा तास भाजायचं. या वेळी बहुतेक हवा आतच फिरवतात, नाहीतर डिझेल परवडत नाही. फवारताना एवढी हवा १५ अंशांनी तापवायला बर्नर ताशी १२ ते १५ लिटर पितो. एप्रिलपासून आपल्याला ती गरजच नसते, उलट ४५ अंशांत थिनर पत्र्यापर्यंत पोहोचायच्या आतच उडतो आणि रंग खरबरीत बसतो. स्लो थिनर घ्या, गन जवळ धरा, सकाळी मारा. कूलरची ओली हवा थेट बूथमध्ये सोडू नका, २केचा हार्डनर पाण्याशी क्रिया करून बुडबुडे काढतो.

युरोपात २००७ पासून गाड्यांच्या दुरुस्तीच्या रंगांतल्या सॉल्व्हंटवर लिटरला ४२० ग्रॅमची मर्यादा आली आणि पाण्यातले बेसकोट, म्हणजे चमकीच्या थराखालचे रंगाचे थर, वाढले. त्यांना उष्णतेपेक्षा पत्र्यावरून सरकणारी कोरडी हवा जास्त लागते. आपल्या मे महिन्यात ते झटकन सुकतात, जुलैत तासन् तास चिकट राहतात.

रंगासाठी इथला सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे दिवाळीनंतरचा : ऊन बेताचं, हवा कोरडी. नेमकं तेव्हाच जिनिंग सुरू असतं, रुईचे तंतू हवेत तरंगतात, तुरीची मळणी लागते आणि कुटार उडतं. हे तंतू आत येणाऱ्या हवेच्या पहिल्या जाड फिल्टरवर नमद्यासारखे बसतात. तो त्या महिन्यांत दर आठवड्याला झटका, आणि दाबमापकाचा काटा खुणेच्या वर गेला की बदला.