वी हेवी की बार्लीवाइन? पहिल्या घोटावर जाऊ नका

दोन्ही ब्रिटनच्या बिअर, दोन्ही एल (म्हणजे जरा उबेत आंबवलेल्या), दोन्ही तांबूस-तपकिरी आणि दोन्ही चढणाऱ्या. स्कॉटलंडची वी हेवी साधारण ६.५ ते १० टक्के अल्कोहोलची, इंग्लंडची बार्लीवाइन ८ ते १२. नऊ टक्क्यांच्या आसपास आकडा काहीच सांगत नाही, आणि तिथेच भलेभले गंडतात. (बार्लीवाइन नाव असलं तरी ती जवाची बिअरच, द्राक्षाचा थेंबही नाही.)

जीभ पहिल्या घोटाला फसते, कारण सुरुवात दोन्हींची गोडच: टॉफी, मनुका, खजूर. घोट गिळा आणि थोडं थांबा. वी हेवीत माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोडवा तसाच रेंगाळतो, कारण हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) अगदी बेताचे. बार्लीवाइनमध्ये त्या गोडव्यामागून हॉप्सचा कडवटपणा जिभेच्या मुळाशी येऊन बसतो आणि घशात ऊब उतरते. माझ्या मते ओळखायची खूण हीच, रंगबिंग सगळं नंतर.

वी हेवीचा तो जाड, खरपूस गोडवा अनेक ब्रुअर मुद्दाम घडवतात. माल्टचा पहिला दाट अर्क वेगळा काढून कढईत आटवायचा. काकवी आटताना गुऱ्हाळात सुटतो, त्याच जातीचा वास येतो. चाखायला नमुना हवा तर स्कॉटलंडच्या ट्रॅक्वेअर हाउसची एल घ्या. वाड्यातली अठराव्या शतकातली बंद पडलेली ब्रुअरी पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी १९६५मध्ये पुन्हा सुरू केली. ७.२ टक्क्यांची ही बिअर अजूनही ओकच्या पिंपांत आंबते.

स्कॉटलंड म्हटलं की लोक व्हिस्कीतला धूर शोधतात. परंपरागत वी हेवीत तो नसतो. पीटचा (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या जळणाचा) धूर दिलेला माल्ट घालणारे ब्रुअर आहेत, पण ती हौस अलीकडची, आणि मला तरी ती माल्टवर कुरघोडी वाटते.

बार्लीवाइन मुरवायची चीज. १९६८मध्ये इंग्लंडातल्या डॉर्चेस्टरला निघालेल्या टॉमस हार्डीज एलच्या बाटल्यांवर वर्ष छापलेलं असे. वर्षं जातात तसा कडवटपणा मऊ होतो, शेरीची (स्पेनच्या कडक वाइनची) झाक येते. म्हणजे जुनी बार्लीवाइन वी हेवीच्या जवळ सरकते. बाटली जुनी असेल तर वरची खूण थोडी सैल धरा.

प्यायची रीत दोन्हींना एकच: लहान ट्यूलिप ग्लास, अर्ध्याहून कमी भरलेला, १०-१३ अंशांवर. आपल्याकडच्या स्ट्राँगसारखी बर्फगार केलीत तर दोन्ही सारख्याच मुक्या लागतील. आणि दोन्ही एकाच बैठकीत असतील तर वी हेवी आधी.