ब्रेनन, वॉल्टर

(२५ जुलै १८९४ – २१ सप्टेंबर १९७४). अमेरिकन चरित्र अभिनेता. जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील लिन येथे. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. पुढे लॉस अँजेलिसमध्ये जमिनींच्या व्यवहारात पैसा घातला. भाव कोसळले, हातचे गेले, आणि पोटासाठी तो स्टुडिओंमध्ये एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभा राहू लागला. १९३२च्या सुमारास एका अपघातात पुढचे दात पडले. एरवी नटाचा धंदाच बसला असता. ब्रेननचा इथूनच सुरू झाला. कवळी काढली की चाळिशीचा माणूस साठीचा दिसे. ‘बार्बरी कोस्ट’ (१९३५) साठी संवाद वाचायला आला तेव्हा त्याने “लावून की काढून?” असे विचारले, अशी आठवण दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगत असे. प्रश्न अर्थातच दातांचा होता.

सहायक अभिनेत्याचे ऑस्कर १९३६च्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिले ब्रेननला ‘कम अँड गेट इट’साठी मिळाले, मग ‘केंटकी’ (१९३८) आणि ‘द वेस्टर्नर’ (१९४०) साठी. या विभागात तीन ऑस्कर अन्य कुणाकडे नाहीत. त्या काळी एक्स्ट्रांनाही मत होते आणि त्यांनी आपल्या जुन्या सोबत्याला भरभरून मते दिली, असे म्हणतात. त्यात तथ्य असेलही. पण ‘द वेस्टर्नर’मधला लहरी न्यायाधीश रॉय बीन गॅरी कूपरसमोर जराही फिका पडत नाही, हे पडद्यावर दिसतेच.

प्रेमळ, कुरकुऱ्या म्हाताऱ्याचा शिक्का त्याच्यावर बसला. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) मधला क्रूर बाप क्लँटन पाहिल्यावर तो शिक्का किती अपुरा होता ते कळते. तरी खरा ब्रेनन ‘रेड रिव्हर’ (१९४८) मध्ये सापडतो. गुरांच्या तांड्याचा हा स्वयंपाकी पोकरच्या डावात आपल्या कवळीतला वाटा हरतो. जिंकणारा ती स्वतःजवळ ठेवतो आणि फक्त जेवणापुरती परत देतो. बाकी वेळ बोळक्या तोंडाने बोलायचे! जॉन वेनसारखा दांडगा नायक पुढ्यात असूनही लक्ष या दातांकडे जाते.

‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) मधला लंगडा तुरुंगरक्षक स्टंपी हा त्याच घराण्यातला. ‘द रिअल मॅकॉइज’ (१९५७–६३) या दूरचित्रवाणी मालिकेतल्या आजोबांमुळे तो घरोघरी पोचला. तोवर त्याचे वय भूमिकेच्या वयाला गाठत आले होते.